पत्ता लागू नये असा फोन

मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात दोन गोष्टी कधी संपत नाहीत. बारके स्क्रू आणि किस्से! स्क्रू डबीत टाकता येतात, किस्से कुठे टाकणार? ते साचतच जातात. त्यातून आमच्या दुकानातले किस्से असे, की ऐकताना हसू येतं आणि घरी जाऊन भाजी चिरताना विळी अचानक थांबते.

रिसोडला एसटी स्टँडजवळ आमचं दुकान आहे. स्क्रीन, बॅटरी, सोल्डरिंगचा डाग देणं हे आमच्या ह्यांचं खातं, सॉफ्टवेअर माझं. बायका फोन माझ्याच हातात देतात. फोनात फोटो असतात, आणि ते परक्या पुरुषाने पाहिलेले कुणाला आवडतात?

मला ओपन सोर्सचं वेड आहे. ज्या सॉफ्टवेअरचा कोड कुणालाही उघडून वाचता येतो, तेच मी वापरते. भंडाऱ्याचा स्वयंपाक उघड्यावर होतो, कढईत काय पडलं ते सगळ्यांना दिसतं. हॉटेलची भाजी पडद्याआड शिजते. मी आपली भंडाऱ्यात जेवणारी! आमचे हे म्हणतात, "हिले देव जरी पावला ना, तरी हे पयले त्याचा कोड मांगीन!"

*

आमच्या काउंटरवर रंजना असायची. तिचा किस्सा आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

ती पहिल्यांदा आली ती गिऱ्हाईक म्हणून. फोन पुढे केला आणि म्हणाली, "ताई, ह्याच्यात भूत हाय काय, पाहा बरं."

"काहून वो?"

"मी मायच्या घरी गेली, तं माहा नवरा पयलेच दारात उभा. मैत्रिणीकडे गेली, थिथंबी उभा. दवाखान्यात गेली, तं डॉक्टरच्या बाजूले उभा!"

आम्ही हसलो. मग तिने बाही वर केली आणि दुकानात कुणी हसेना.

फोन तपासला. एक ॲप होतं, ढगाआडून सूर्य डोकावतोय असं चित्र, खाली लिहिलेलं 'हवामान'. नवऱ्याने टाकून ठेवलं होतं. ती कुठे आहे हे ते घडोघडी त्याला कळवत होतं. मी दाखवलं तशी ती पांढरीफटक पडली.

"अवो ताई, मी तं रोज हेच उघडून पाहो... पानी येते का नाई म्हून!"

ती परत गेलीच नाही. सापडलीस तर जिवंत ठेवणार नाही, असं तो सांगून बसला होता. आमच्या घरामागची खोली तिला दिली, काउंटरवर काम दिलं. फोन पार पुसून त्यात मोकळ्या कोडची सिस्टीम टाकली, सिम बदललं, लोकेशन मुळापासून बंद केलं. एवढं करून मला वाटलं, आता ब्रह्मदेवालाही ही सापडायची नाही.

*

केनवडचे एक निवृत्त गुरुजी आहेत. आवाज अजून वर्गातलाच. फोन दिला आणि दारातूनच पासवर्ड सांगायला लागले. नातवाचं नाव, मग गावाचं, शेवटी एक!

मी म्हटलं, "गुरुजी, हळू! सगळे ऐकून राह्यले."

"ऐकू द्या ना वो. सगये आपलेच मान्सं हायेत!"

पुढच्या खेपेला आले ते घाम पुसतच. पासवर्ड विसरले होते. नातू, गाव, नातू, गाव, काही केल्या जमेना. तेवढ्यात समोरच्या पानठेल्यावरून आवाज आला, "गुरुजी, शेवटी एक हाय ना!"

फोन उघडला. गुरुजी माझ्याकडे असे बघायला लागले, जणू वादात जिंकलेच. सगळं दुकान हसलं, रंजनासुद्धा. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाली, "ताई, त्या पानठेलेवाल्याले माहंबी नाव मालूम असन काय?"

*

शाळेतले एक सर जुना कॉम्प्युटर घेऊन आले. फार हळू चालतो म्हणाले. मी लिनक्स टाकायला सांगितलं, फुकट आहे, कोडही उघडा आहे.

सर एक पाऊल मागे सरले. "फुकट? नको मॅडम. फुकट हाय म्हंजे काईतरी गोम असतेच."

"सर, तुमच्या मोबाईलमधले हे सगळे ॲप केवढ्याला घेतले?"

सरांनी मोबाईल हळूच पालथा घालून काउंटरवर ठेवला. चहा येईपर्यंत सुलटा केला नाही!

*

किन्हीराजाच्या नामदेवकाकांना मोबाईलवर लग्नपत्रिका आली. पत्रिका कसली, फोनचा ताबा घेणारं ॲप होतं ते. आता आमच्याकडे पत्रिका आली आणि उघडली नाही, तर भावकीत तोंड दाखवता येत नाही. काकांनी उघडली. त्यांच्या फोनवरून ती आपोआप सगळ्या सोयऱ्यांना गेली, आणि सोयऱ्यांनीही मान राखून उघडली!

लागले फोन यायला. "कोनाचं लगन हाय वो नामदेवराव?" "अमाले सांगतलंबी नाई!" एक साडू तर रुसूनच बसले, पत्रिका उशिरा आली म्हणून.

फोन खिशात असतानाच आपल्या नावाने बोलतोय, हे कळल्यावर काका असे घाबरले की तो दुपट्ट्यात गुंडाळून त्यांनी कोठीत टाकला, ज्वारीच्या तळाशी.

दुसऱ्या दिवशी फोन घेऊन आल्या त्या काकू. म्हणाल्या, "फोन काढला तरी थे दयन काढाले कोठीजवय जाऊ देत नाईत. आतून वाजते म्हंतात!"

*

आणि हा जीपमधला. रंजना एकदा काळीपिवळीने इथल्याच मालेगावकडून येत होती. शेजारी एक आजी. आमच्याकडच्या आजीला बाजूला कोण बसलंय हे कळल्याशिवाय प्रवास गोड लागत नाही.

"कोनाची वो तू बाई? माहेर कोन्तं?"

मी रंजनाला पढवून ठेवलं होतं, खरं गाव कुणाला सांगायचं नाही. तिने सुचलं ते नाव ठोकून दिलं.

"अवो बाप्पा, थिथं तं माही सख्खी मावसबहीन हाय!" आजीने लगेच व्हिडीओ कॉल लावला आणि फोन रंजनाच्या तोंडासमोर धरला. "पाय वो, तुह्या गावची पोरगी हाय. कोनाची होये?"

पलीकडची बाई बराच वेळ निरखत होती. "नाई वो. हे आमच्या गावची नाई."

अख्खी जीप रंजनाकडे बघायला लागली. ती मधेच उतरली आणि उन्हातान्हात पायी दुकानात आली. आधी शटर अर्धं खाली ओढलं, मग पाणी प्यायली.

लोकेशन बंद करायचं बटण मला माहीत आहे. त्या आजीचं बटण कुठे असतं?

*

आता शेवटचा. हा मी फारसा कुणाला सांगत नाही.

एका बाजाराच्या दिवशी दुपारी एक माणूस आला. नीटनेटका, बोलायला मऊ. नवा फोन काउंटरवर ठेवून म्हणाला, "ताई, कोनाले पत्ता लागू नये असा फोन तुमी करून देता म्हंतात. मलेबी तसाच पायजे."

मला इतका आनंद झाला! रिसोडात आजवर कुणी आपणहून हे मागितलं नव्हतं. मी खुर्ची दिली आणि सुरूच झाले, कोड उघडा का असावा, आपलं खासगी आयुष्य हा सगळ्यांचा हक्क कसा आहे. तो मन लावून ऐकत होता. प्रश्नही नेमके. "लोकेशन बंद केलं तं कोनालेच दिसत नाई ना? कायीच उपाय नाई?"

"काहीच नाही," मी ऐटीत म्हटलं.

काम झालं. त्याने फोन उलटसुलट करून पाहिला. "बरं झालं. आता दोघायजवय सारकाच झाला. माह्या बायकोचाबी तुमीच करून देला ना?"

रंजनाने नवऱ्याचा एकही फोटो ठेवला नव्हता. मी त्याला कधी पाहिलंच नव्हतं.

"कोण बायको?" मी काउंटरवरचे स्क्रू उगाच डबीत टाकत विचारलं.

तो हसला. खुर्ची काउंटरच्या आणखी जवळ ओढून घेतली. "येईनच ना थे आता. मी बसतो. घाई नाई."

रंजना स्क्रीन गार्डचं पार्सल आणायला स्टँडवर गेली होती. मी काउंटरखाली हात नेऊन तिला मेसेज टाकला, 'येऊ नको. तो इथं आहे.' आणि बघत बसले. तिने वाचला की नाही हे कळायला काही वाव नव्हता. मेसेज वाचल्याची खूण कुणालाच जाऊ नये, ही सोय मीच हौसेने करून दिली होती. फोन लावावा तर तो समोर बसलेला, आणि आमचे हे माल आणायला बाहेरगावी गेलेले!

तो संध्याकाळपर्यंत बसला. रंजना आली नाही.

तो उठून गेल्या गेल्या मी तिला फोन लावला, बंद होता. रात्री खोलीवर नव्हती, सकाळीही नव्हती. पार्सल स्टँडवर तसंच पडून होतं. आमचे हे तिच्या माहेरी जाऊन आले, तिथेही नाही. पोलिसांत सांगितलं. त्यांनी फोनचं जुनं लोकेशन शोधून पाहिलं आणि मलाच विचारलं, "मॅडम, हा फोन कसा काय दिसत नाई?"

तेव्हापासून तो दर बाजाराच्या दिवशी यायचा. दारात उभा राहून विचारायचा, "ताई, लागला काय पत्ता?"

"नाही," मी म्हणायची. तो गेला की माझ्या जिवात जीव यायचा. विचारतोय म्हणजे त्यालाही सापडलेली नाही! आमचे हे म्हणायचे, "येऊ दे त्याले. येते तोवर बरं हाय."

काल बाजार होता. दुकान बंद करेपर्यंत मी दाराकडेच बघत होते.

काल तो आला नाही.