‘किती वेळा गरोदर राहिलात?’

रिपोर्टवर ‘इन्व्हेसिव्ह डक्टल कार्सिनोमा’ असं लिहिलं होतं. म्हणजे दुधाच्या नळीत सुरू होऊन आजूबाजूला शिरलेला कर्करोग. उल्हासनगर कॅम्प १ मधल्या दवाखान्यात सर्जन मॅडमनी तो कागद माझ्याकडे वळवला, तेव्हा माझे यजमान विजय शेजारीच होते. मॅडम सिंधी, पण मराठी छान बोलतात. म्हणाल्या, “लवकर सापडलंय. घाबरायचं नाही, पण टाईमपास पण करायचा नाही.”

मग त्यांनी हिस्ट्री, म्हणजे आधीची माहिती, लिहून घेतली.

“किती वेळा गरोदर राहिलात?”

“एकदा,” मी म्हणाले. विजय खाली बघत राहिले.

ते खोटं होतं. छत्तिसाव्या वर्षी मला मुलगी झाली. ती दोन वर्षांची असताना पुन्हा दिवस गेले. सासरे अंथरुणाला खिळलेले, माझी शाळेतली नोकरी नवी. आम्ही दोघांनी ठरवून गर्भपात केला. पुढे मी दिवस राहू नयेत म्हणून गोळ्या घेत राहिले. तेही मी मॅडमना सांगितलं नाही. आम्ही ख्रिस्ती. आमच्या मंडळीत गर्भपात पाप मानतात, आणि मीही मानत होते. आंघोळ करताना गाठ हाताला लागली तेव्हा वाटलं, ही त्याचीच शिक्षा. म्हणून दोन महिने मी कुणाला सांगितलं नाही. ही चूक तुम्ही करू नका.

ऑपरेशनच्या आधी अंबरनाथला आमच्या घरी चर्चच्या महिला संघाच्या बायका प्रार्थनेला आल्या. लीलामावशी त्यांच्यात सगळ्यात वडील. त्या मायेनेच म्हणाल्या, “तुझं सोड गं, पण हल्लीच्या मुली गोळ्या खातात, पोट पाडतात. मग देव असं काही दाखवतो.” त्यांना माझं काही ठाऊक नव्हतं. मी चहा दिला आणि आत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी मी एकटी मॅडमकडे गेले. “मी खोटं सांगितलं. दोनदा राहिले होते. एक पाडलं. गोळ्याही घेते. त्यामुळेच झालं का हे?”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “गर्भपातामुळे हा कॅन्सर होत नाही. त्यावर संशोधन होऊन ते नीट तपासून झालंय. पहिलं मूल उशिरा झालं तर धोका थोडा वाढतो, अंगावर पाजलं तर थोडा कमी होतो. गोळ्या चालू असताना थोडा वाढतो, बंद केल्यावर हळूहळू उतरतो. पण तुम्हाला नेमका कशाने झाला, ते कोणी सांगू शकत नाही. गोळ्या मात्र आजपासून बंद.”

तिथून मी बदलापूरला आमच्या पाळकसाहेबांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “त्या गर्भाचं दुःख देवापुढे ठेव,” ते म्हणाले, “पण आजाराला शिक्षा म्हणू नकोस. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारलं होतं, पाप कुणाचं? प्रभूने कुणाचंच नाही असं सांगितलं आणि त्याला बरं केलं.” त्या दिवशी मी मोकळेपणी रडले.

माझी लम्पेक्टॉमी झाली, म्हणजे गाठ आणि भोवतीचा थोडा भाग काढला. मग काही आठवडे रेडिएशन. हात डोक्यावर घेऊन स्वस्थ पडून राहायचं. कातडी उन्हाने भाजल्यासारखी झाली, नंतर निवळली. गाठ ‘ईआर पॉझिटिव्ह’ होती, म्हणजे इस्ट्रोजेन या हार्मोनवर वाढणारी. त्यासाठी टॅमॉक्सिफेनची गोळी रोज चालू आहे.

बरी झाल्यावर, विजयना विचारून, मी महिला संघाच्या बैठकीत सगळं सांगितलं. गर्भपातासकट. नंतर लीलामावशी जवळ आल्या. “मला माहीत असतं तर तसं बोलले नसते.”

“माहीत नसलं तरी बोलू नका, मावशी,” मी म्हणाले. त्यांनी मान हलवली.

सगळ्या गेल्यावर पालेगावची एस्तेर मागे थांबली. तिच्याही छातीत गाठ होती, आणि तीही माझ्यासारखीच घाबरून गप्प होती. आम्ही तिला रिक्षाने मॅडमकडे नेलं. ‘फायब्रोअॅडिनोमा’ निघाला, म्हणजे निरुपद्रवी गाठ. लीलामावशी हट्टाने बरोबर आल्या होत्या. निघताना त्यांनी मॅडमना हळूच विचारलं, “माझी पण तपासणी कराल का? मी आजवर कधी केलेली नाही.”

मी बाहेरच्या बाकावर बसून देवाचे आभार मानले. पूर्वीही मानत असे, पण भीत भीत.