कानसेनची खुर्ची

दुकानाच्या पाटीवर नाव मेहुण्याचं होतं, पण गिऱ्हाईक यायचं ते कानसेनसाठी. घरातल्या थिएटरचे स्पीकर तो कानाने जुळवून द्यायचा. मेहुण्याने त्यासाठी एक मायक्रोफोन आणला होता. तो खुर्चीवर ठेवला की यंत्र आपोआप सगळे आवाज बरोबरीला आणतं. कानसेनने तो खोक्याबाहेर येऊ दिला नाही. माझे कान काय भाड्याने आणलेत का, असं म्हणाला होता.

काम मात्र चोख. पुढचे दोन स्पीकर पडद्याच्या दोन अंगांना, बसणाऱ्याकडे किंचित वळवलेले. मधला पडद्याखाली, कारण माणसं बोलतात ती त्यातून. मागचे दोन कानाच्या जरा वर. पाऊस, पावलं, वाजणारी दारं त्यांच्या वाट्याला. बासचा घुमणारा डबा कोपऱ्यात कोंबायचा नाही, नाहीतर घर ढेकर देत बसतं. वायर भिंतीतून, कुठे दिसता कामा नये. मग मधल्या खुर्चीत डोळे मिटून बसायचं.

वर्षानुवर्षं ड्रिल उजव्या खांद्याशी धरून त्याने भिंतींना भोकं पाडली. उजवा कान हळूहळू गेला. बायको न बोलता त्याच्या डावीकडे बसू लागली. मेहुण्याला सांगावं तर काम जाणार, आणि या वयात दुसरीकडे कोण उभं करणार? त्याने युक्ती काढली. सरळ बसून डावी बाजू ऐकायची. मग खुर्ची फिरवून, पडद्याकडे पाठ करून, उजवी बाजूही त्याच डाव्या कानाने. लोकांना ती त्याची खास पद्धत वाटायची.

एका बाईंच्या घरी सोफा भिंतीला बोल्ट मारून पक्का केलेला निघाला. नेमका त्या दिवशी मेहुणाही बरोबर. फिरायचं म्हणजे सोफ्यावर गुडघे टेकून भिंतीकडे तोंड करायचं, तेही दोघांच्या देखत. कानसेन सरळ बसला. उजवी बाजू मंद वाटली, त्याने वाढवली. मग आणखी वाढवली.

बाई बसल्या आणि लगेच म्हणाल्या, "अहो, हा उजवीकडचा माझ्या अंगावर का ओरडतोय?"

उजवीकडे उभ्या मेहुण्याने हळूच काही विचारलं. कानसेन पडद्याकडेच बघत राहिला. मेहुणा वळसा घालून डावीकडे आला, आणि त्याने उजवीकडचा आवाज स्वतःच खाली आणला.

परतताना गाडीत कानसेननेच विषय काढला. मायक्रोफोन खोक्यातून काढ, म्हणाला. मी भोकं पाडीन, वायर ओढीन, शिडी अजून चढवते मला.

"वायर ओढायला कोणीही मिळतो, भाऊजी," मेहुणा म्हणाला. "लोक कानसेनला बोलावतात. तुम्ही फक्त बसा."

"आणि ऐकणार कोण?"

"मायक्रोफोन. तुम्ही मान हलवायची. नाहीतर घरी बसा."

आता गिऱ्हाईकाच्या घरच्यांना चहाच्या निमित्ताने आत पाठवतात. मायक्रोफोन काम उरकून मेहुण्याच्या खिशात जातो. कानसेनला खुर्चीत बसवतात आणि सगळ्यांना बाहेर बोलावतात. समोरच्या भिंतीवर नव्या माणसाने ओढलेली वायर सैल लोंबताना त्याला दिसते. उठून ती ताणावी म्हणून हात शिवशिवतात. पण कानसेन शिडीवर चढत नाही, तसं ठरलंय.

तो डोळे मिटतो. थोडा वेळ जाऊ देतो, कारण लगेच मान हलवली तर लोकांना खरं वाटत नाही.