दुसऱ्या आईसाठी आलेला नमस्कार

ज्या दिवशी मी सही केली, त्या दिवशी माझ्या लेकीचा हात गरम होता. वर्षभर हे मी कोणाजवळ बोलले नाही.

प्रणाली बावीस वर्षांची होती. वर्ध्यात औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करायची. ज्या म्हाताऱ्या माणसांना वाचता येत नसे, त्यांच्या गोळ्यांच्या पाकिटावर ती पेनाने सूर्य नाहीतर चंद्र काढून द्यायची. सूर्य म्हणजे सकाळची गोळी, चंद्र म्हणजे रात्रीची. बोरगाव मेघेतल्या आमच्या गल्लीतल्या आज्या तर दुकानात न जाता औषधं घेऊन थेट आमच्या घरीच यायच्या.

एका संध्याकाळी मैत्रिणीच्या गावाहून स्कूटीवर परत येताना रस्त्यात रोही म्हणजे नीलगाय आडवी आली आणि प्रणाली डोक्यावर आपटली. तीन दिवसांनी डॉक्टरांनी आम्हाला बसवून समजावलं, की मेंदू गेला आहे, श्वास आता फक्त यंत्राचा आहे. दोनदा तपासून खात्री केली होती. मग त्यांनी अवयवदानाचं विचारलं. प्रणालीचे बाबा शाळेत शिपाई आहेत, बोलणं कमीच. ते एवढंच म्हणाले, "जे जळून जाणार, ते कोणाच्या कामी येऊ द्या." मी तिला शेवटचं भेटून आले, हातात हात घेतला, आणि बाहेर येऊन सही केली. तिच्या किडन्या गेल्या, लिव्हर गेलं, डोळे गेले. पेपरात फोटो आला. लोकांनी आम्हाला मोठं म्हटलं.

डोक्याला सगळं पटलं होतं. हाताला पटत नव्हतं. माझ्या सहीनेच तर ती गेली नाही ना? वंदनेला बसले, की पहिल्याच शीलावर जीभ अडायची. जीव घेण्यापासून दूर राहीन, असं म्हणायचं तरी कोणत्या तोंडाने? शेवटी मी विहारात जाणंच सोडलं. नवऱ्याला जेवायला वाढत होते, पण त्याच्याशी बोलणं जवळजवळ बंद झालं होतं. तो 'येऊ द्या' म्हणाला नसता तर, एवढंच मनात घोळायचं.

वर्ष भरत आलं. विहारात तिच्या आठवणीचा कार्यक्रम ठेवायचं वस्तीतल्या बायांनी ठरवलं. मी नाही म्हटलं, तरी त्या ऐकेनात, म्हणून दोन दिवस आधीच पिशवी भरून हिंगणघाटला भावाकडे निघाले. दाराला कुलूप लावत होते, ऑटो गल्लीच्या तोंडाशी उभा होता, तेवढ्यात फाटकाशी एक बाई आली. माझ्याच वयाची, कपाळाला मोठं कुंकू, हातात संत्र्यांची थैली.

"प्रणालीची माय तुमीच ना? मी तळेगावहून आली."

मला वाटलं, माझ्या लेकीची किडनी हिच्या घरी गेली. मी हातातली पिशवी खाली ठेवली. ती पायरीवर बसली आणि माझा चेहरा पाहून स्वतःच म्हणाली, "तसं नाई बाई. माह्या मालकाले किडनी भेटली त्याले दोन वर्सं झाले. कोणाची, ते सांगत नाईत. कोण्या तरण्या पोराची होती, एवढंच कानावर आलं. त्याची माय कुठं राह्यते, मले माईत नाई. हात जोडावं तं कोणाले जोडावं? पेपरात तुमच्या पोरीचं वाचलं तवापासून यायचं मनात होतं. म्हटलं, हे बी मायच हाये."

असं म्हणून ती माझ्या पायाशी वाकली. मी तिला धरलं, आणि वर्षभर आत कोंडलेलं तोंडातून निघून गेलं, "बाई, सही केली तवा तिचा हात गरम होता."

तिने समजूत घातली नाही. पदराने माझं तोंड पुसलं. "त्या माईलेबी असंच वाटत असंन," ती हळूच म्हणाली. "तरी तिनं सही केली. म्हणून तं माह्या घरात चूल पेटून राह्यली."

ऑटोवाल्याने हॉर्न वाजवला. मी त्याला जा म्हटलं.

संध्याकाळी प्रणालीचे बाबा आले. पिशवी तशीच पाहून म्हणाले, "गेली नाई?" मी त्यांना सगळं सांगितलं, हाताचंही. ते खाली बसले. "मी बी धरला होता. मलेबी गरमच लागला," म्हणाले. माझ्यासारखाच तो माणूसही एकटा जळत होता, आणि मी त्यालाच दोषी धरून बसले होते.

आमच्यात चमत्कार मानत नाहीत. मीही मानत नाही. पण त्या बाईला यायला अर्धा तास उशीर झाला असता, तर ती कुलूप पाहून परत गेली असती. याला काय म्हणावं, मला कळत नाही, आणि नाव द्यायची घाईही नाही. कार्यक्रमाच्या दिवशी मी वंदनेला बसले. पहिलं शील म्हणताना जीभ अडली नाही.

तळेगावची बाई नवऱ्याला घेऊन आली होती. पंगतीत मी पाणी वाढत होते. त्या माणसाने ग्लास एका दमात संपवला आणि पुन्हा पुढे केला. त्याची बायको हसली. "डायलिसिसवर होते तवा मोजून पाणी देत होती मी. घोटभरासाठी रडत होते." तो लाजला, आणि दुसरा ग्लासही घटाघटा प्यायला.

माझी प्रणाली कोणाच्या घरी आहे, मला माहीत नाही. आता विचारावंसंही वाटत नाही. दिलं ते आपल्या हातून सुटलं, आणि सुटलं म्हणूनच पोचलं. जी माणसं असतील, ती पोटभर पाणी पिऊन सुखात राहोत. त्या तळेगावच्या बाईचे, आणि जिच्यासाठीचा नमस्कार मी घेतला त्या अनोळखी आईचे, माझ्यावर फार उपकार आहेत.