तीनचाकीचे मिस्त्री

वायर तपासायची असली की ते डोळे मिटत. अंगठा आणि बोट यांच्या चिमटीत वायर धरायची आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश सरकवत न्यायची. मध्येच कुठेतरी बोटं थांबत. तिथे ते वायर किंचित वाकवून पाहत, डोळे उघडत आणि म्हणत, "हितं बसलाय बघा चोर."

ब्लेडने वरचं रबर सोललं की आतली तांब्याची तार तुटलेली, हिरवी पडलेली निघायची. वरून काही म्हणता काही दिसत नसे.

तुमच्याही गावात असा एखादा कारागीर असेल, ज्याला सगळे 'मिस्त्री' एवढंच म्हणतात आणि तेवढ्यावर सगळ्यांचं भागतं. मीही त्यांना शेवटपर्यंत मिस्त्रीच म्हणत आले. जिंतूरच्या एसटी स्टँडाशेजारी त्यांची पत्र्याची टपरी होती. ट्रॅक्टर, जीप, टेम्पो यांच्या वायरिंगचं काम तिथे चाले. ते एकटेच असत. सावळा रंग, कानावर पांढरे केस, खाकी शर्टाच्या खिशात स्क्रू ड्रायव्हर आणि पानाची पुडी.

मी तिथल्या हायस्कूलात मराठी शिकवत होते. लहानपणी पोलिओने दोन्ही पाय गेलेले. घरात कुबड्या, आणि बाहेर जायला हाताने फिरवायची तीनचाकी सायकल. दहा वर्षं मी ती हाताने ओढली. मग उजवा खांदा असा धरला की फळ्यावर ओळ लिहिता येईना. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं, "सायकल बंद करा, नाहीतर हातही जाईल." घरी मी आणि आई दोघीच, आणि जगणं माझ्या नोकरीवर. रोज कुणी उचलून शाळेत नेणार नव्हतं.

आमच्या शाळेच्या शिपायाने मिस्त्रींना घरी आणलं. त्यांनी तीनचाकीभोवती दोन फेऱ्या मारल्या, मागचं चाक हाताने फिरवून पाहिलं आणि म्हणाले, "हिला बैल जुपावा लागतो, बाई."

"कसला बैल?"

"ट्रॅक्टरचा जुना डायनॅमो हाय माझ्याकडं. डायनॅमो फिरवला की करंट देतो. त्यालाच करंट दिला की तो सवता फिरतो. सीटखाली बॅटरी ठिवू, मागच्या चाकाला चैन लावू."

"असं कुणी केलंय का आधी?"

"मला तर न्हाई मालूम," ते शांतपणे म्हणाले. "आपण करून बघू."

तीन आठवडे त्यांनी टपरीत खटपट केली. हँडलवर हॉर्नचं बटण बसवलं. ते दाबलं की सीटखाली रिले, करंट जोडणारी छोटी डबी, 'टक' करी आणि गाडी निघे. वेग भरभर चालणाऱ्या माणसाएवढा, आवाज मात्र पिठाच्या गिरणीचा. पहिल्या दिवशी मोंढ्यातून, म्हणजे धान्यबाजारातून, गेले तर दुकानदार दुकानं सोडून बाहेर आले. पोरं ओरडली, "बाईचा ट्रॅक्टर आला!" ते नाव पुढे कायम राहिलं. मिस्त्री बाजूने चालत होते, हात मागे बांधून, वरातीतल्या वरबापासारखे.

आता खरं सांगते. ती गाडी चालायची त्याहून जास्त बंद पडायची. पण ती बंद पडायची म्हणूनच मिस्त्री मला कळले.

त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं असे. "आधी अर्थ बघा."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी हसले. मराठीची शिक्षिका मी, जन्मभर पोरांना तेच सांगत आलेले. ते मात्र अर्थिंगबद्दल, बॅटरीतून सायकलच्या सांगाड्याला जाणाऱ्या वायरबद्दल बोलत होते. सांगाड्यावर रंग होता आणि रंगावर बोल्ट आवळलेला. त्यांनी चाकूने खालचा रंग खरवडून लोखंड उघडं केलं, बोल्ट पुन्हा आवळला आणि गाडी सुरू झाली.

"रंगावर अर्थ लागत न्हाई, बाई."

"हे मी उद्या वर्गात सांगते," मी म्हटलं.

"सांगा की. पर बोल्ट बी आवळायला सांगा."

एकदा मात्र महिनाभर आम्ही दोघं हैराण झालो. गाडी रोज शाळेच्या वाटेवर कुठेतरी थांबे, मिनिटभराने आपोआप निघे आणि टपरीवर नेली की शहाण्यासारखी चाले. त्यांनी बॅटरी बदलून पाहिली, मोटरचे कार्बन नवे घातले, फ्यूज बदलला. मी वैतागून म्हटलं, "मिस्त्री, हिला तुमची भीती वाटते."

ते हसले नाहीत. म्हणाले, "कशानं थांबायली ते लय बघितलं. कुठं थांबायली ते बघितलंच न्हाई. उद्या सकाळी मी संगं येतो."

दुसऱ्या दिवशी ते माझ्या दारापासून शाळेपर्यंत गाडीबरोबर चालले. गाडी थांबली की ते जमिनीकडे, मग हँडलकडे, मग माझ्याकडे बघत. शाळेच्या फाटकाशी ते एकदम टाळी वाजवून म्हणाले, "डावीकडं वळताना! तीनदा थांबली, तिनी बारी डावीकडं वळताना." हँडलातून बटणाकडे गेलेली वायर वळताना ताणली जाई आणि आतलं तुटलेलं टोक सुटे. टपरीवर हँडल सरळ असायचं, म्हणून तिथे काही सापडत नसे. फाटकातच त्यांनी मांडी घातली, डोळे मिटले आणि वायर चिमटीत धरली. प्रार्थनेला उभी राहिलेली मुलं हात जोडून आमच्याकडेच बघत होती.

त्यानंतर त्यांनी मला शिकवायला घेतलं. गाडीच्या इंडिकेटरचा एक छोटा बल्ब, त्याला दोन वायरी, एकीला चिमटा. चिमटा सांगाड्याला लावायचा आणि दुसरं टोक एकेका जोडाला टेकवत जायचं. "जिथवर बल्ब लागतो तिथवर करंट आला. जिथं लागंना, त्याच्या अलीकडंच खोट हाय."

"मला कशाला शिकवता? तुम्ही आहात की."

"मी टपरीवर असतो, बाई. गाडी तुमच्याजवळ असती."

माझ्याशी इतकं जपून वागणाऱ्या या माणसाला मी इतकी वर्षं काहीच विचारलं नव्हतं, हे मला कळायला एक वाईट दिवस यावा लागला.

विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न पुन्हा तापलेला होता. त्या दिवशी बंद होता, पण तपासलेल्या उत्तरपत्रिका सकाळी शाळेत पोचवायच्याच होत्या, म्हणून मी निघाले. शाळेला कुलूप. परतताना ओढ्यावरच्या पुलावर गाडी बंद पडली. बाजार सामसूम, दूर कुठेतरी पत्र्यांवर दगड पडल्याचे आवाज. मी बल्ब काढला, पण चिमटा लावायचा सोडून त्या आवाजांकडेच बघत होते.

तेवढ्यात मिस्त्री येताना दिसले. बंद टपरीच्या आडून त्यांनी मला जाताना पाहिलं होतं, परतताना पाहिलं नव्हतं, म्हणून ते शोधत आले. ते दलित, त्यांनी अशा दिवशी रस्त्यावर दिसू नये, हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. ते सीटखाली वाकले न वाकले तोच समोरून सहा-सात जण आले. हातात काठ्या. त्यातला पुढचा माझाच विद्यार्थी, तीन वर्षांपूर्वीचा. त्याचं डावीकडे झुकणारं अक्षर अजून माझ्या डोळ्यांपुढे होतं.

तो म्हणाला, "बाई, तुमी जावा घरी. ह्याला हितंच ऱ्हाऊ द्या."

मिस्त्री उठून उभे राहिले. पळाले नाहीत.

मी शूर बाई नाही. पण पंधरा वर्षं वर्गात उभं राहिल्यावर... म्हणजे बसल्यावर, एक आवाज घशात तयार झालेला असतो. तो आपोआप निघाला.

"मी कशी जाऊ? गाडी बंद आहे, दिसत नाही? मागून हात लाव."

तो गोंधळला. "आँ?"

"ढकल म्हणते. आणि तू रे, ती काठी खाली ठेव. दोन्ही हात लागतील. मिस्त्री, तुम्ही हँडल धरा."

मग माझ्या त्या विद्यार्थ्याने दुसऱ्याकडे पाहिलं, काठी कठड्याला टेकवली आणि मागे येऊन हात लावला. मग बाकीचे आले. आमच्या गल्लीपर्यंत त्यांनी मला ढकलत आणलं. पुढे मिस्त्री हँडल धरून चालत होते. चढाला ते मागे न बघता म्हणाले, "जरा दमानं, पोरांनो." आणि पोरांनी खरोखर दमाने घेतलं.

आईने दारात सगळ्यांना पाणी दिलं. पोरं पाणी पिऊन मान खाली घालून गेली.

मिस्त्री पायरीवर बसले. सीट उचलून त्यांनी फ्यूजची तार बदलली, बटण दाबलं. टक. मोटर फिरू लागली.

"एवढंच होतं?" मी म्हटलं.

"पुलावरच दिसला हुता फ्यूज गेलेला."

"मग तिथेच का नाही बदलला?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "गाडी सुरू झाली असती तर तुमी निघाला असता, बाई. मंग मी एकटाच ऱ्हायलो असतो."

असं म्हणून ते हसले. पण फ्यूजचं झाकण बसवताना त्यांच्या हातातला स्क्रू दोनदा खाली पडला. आईने तो उचलून त्यांच्या तळहातावर ठेवला आणि त्यांच्याजवळच पायरीवर बसली.

त्या दुपारी ते बोलले. वालूरच्या अलीकडे त्यांचं गाव. अठ्ठ्याहत्तरच्या पावसाळ्यात वस्ती पेटली तेव्हा ते कामाला परभणीला होते. बायको म्हाताऱ्या सासूला घेऊन उसात लपून राहिली, म्हणून वाचली. घर गेलं. काम शिकवणाऱ्या उस्तादांनी दिलेला करंट मोजायचा मीटर घरात होता, तोही गेला.

"मीटर न्हाई म्हणून बोटानं बघायला लागलो," ते म्हणाले. "नंतर दुसरा घेतला. पर आता बोटाला सवय लागली."

"कुणी लावली आग?" आईने विचारलं.

"वळखीचेच हुते, आक्का. त्यांच्याच विहिरीवरच्या जळालेल्या मोटारीत मी नवी तार भरून द्यायचो."

माझ्या गाडीची एकेक खोड त्यांनी विचारून घेतली होती. मी त्यांना, इतक्या वर्षांत, तुमचं गाव कोणतं एवढंही विचारलं नव्हतं.

पुढे नामांतराचा निकाल लागला. त्यानंतर महिन्याभरात मिस्त्री पेढे घेऊन घरी आले. मला वाटलं, त्याचेच पेढे.

"त्याचे बी हायत," ते म्हणाले. "पर दुसरी बी गोष्ट हाय. गावात घर बांधलं, बाई. जुन्याच जागंवर. रविवारी या."

"तिथेच? मिस्त्री, कामून?" त्यांच्याबरोबर राहून मीही 'का'ऐवजी कामून म्हणू लागले होते.

"जागा माझी हाय की," ते म्हणाले.

रविवारी आई आणि मी जीपने गेलो. दोन खोल्या, विटांच्या, पुढे ओसरी. मिस्त्रींनी आयुष्यात पहिल्यांदा पांढरा शर्ट घातला असावा. घड्यांच्या रेघा अजून मोडल्या नव्हत्या. त्यांच्या पत्नी चुलीशी होत्या. वस्तीतली माणसं जेवून जात होती, नवी माणसं बसत होती.

दुपार कलताना गावातला एक शेतकरी आला आणि ओसरीपासून दहा हातांवर थांबला. साठीचा माणूस, डोक्याला रुमाल. ओसरीवरच्यांनी ताटातले हात थांबवले. मिस्त्रींच्या पत्नी दारात येऊन उभ्या राहिल्या आणि पुन्हा आत गेल्या. तो कोण, हे मला कुणी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

"मिस्त्री," तो माणूस म्हणाला, "विहिरीवरली मोटार नुसती गुंगायली. पाणी धरंना. पाण्याबिगर गहू वाळायलाय बघा."

मिस्त्री ओसरीच्या कडेपर्यंत आले. मग म्हणाले, "आत या. बसा. जेवल्याबिगर आज कुणी जात न्हाई हितून."

तो माणूस जागचा हलेना. मग त्याने पायातल्या वहाणा काढल्या, वाकून ओसरीवर चढला आणि भिंतीशी बसला. मिस्त्रींनी स्वतः ताट आणून त्याच्यापुढे ठेवलं. तो जेवला. सगळं जेवला, मान वर न करता.

त्यानंतर मिस्त्री गावीच राहू लागले, आणि पावसाळ्याच्या तोंडी गेले. झोपेतच गेले म्हणतात. मला आठ दिवसांनी कळलं, टपरीला तेव्हाही कुलूपच होतं. म्हणून मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या रविवारीच.

त्या शेतकऱ्याचं जेवण झाल्यावर मिस्त्रींनी खुंटीवरची हत्यारांची पिशवी घेतली. बायको म्हणाली, "निदान शर्ट तरी बदला." ते तसेच निघाले. पुढे तो माणूस, मागे मिस्त्री, दोघं ज्वारीच्या बांधाने चालू लागले. ज्वारी डोक्याएवढी उभी होती. तिच्या आड जाण्याआधी तो माणूस थांबला, मागे वळला, मिस्त्रींच्या हातातली पिशवी त्याने आपल्या हातात घेतली आणि पुन्हा पुढे चालू लागला. मग पांढरा शर्ट ज्वारीआड गेला.