बाबांचा खांदा आणि माझी माया

आठवीच्या वर्गात सांधे शिकवताना मी दरवर्षी खांद्यापाशी जरा जास्तच रेंगाळते. कोपर म्हणजे दाराची बिजागरी. उघडतं, मिटतं, संपलं. खांदा मात्र उखळीचा सांधा. दंडाच्या हाडाचं गोल डोकं पाठीकडच्या खांद्याच्या पात्याच्या उथळ खळग्यात टेकलेलं, म्हणून हात हवा तसा फिरतो. मुलं लगेच हात गरागरा फिरवून बघतात, शेजारच्याला लागतो, भांडण होतं आणि तास संपतो.

एवढं शिकवणाऱ्या बाईच्या घरात मात्र दिव्याखाली अंधार.

बाबा पौषात खळ्यात घसरून उजव्या खांद्यावर पडले. हाड शाबूत होतं. मग मी कामाला लागले. टॉवेल वरच्या खुंटीवरून खुर्चीवर आणला, फळीवरचे डबे खाली मांडले, शर्टाची बाही मीच चढवू लागले. “हात हलवू नका,” हे दिवसातून दहादा. शेजारी म्हणायचे, लेक असावी तर अशी. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू?

चैत्रापर्यंत हात छातीच्या वर जाईना. एक दिवस बाबा म्हणाले, “गो, चतुर्थीक माटवी कशी बांधतलंय मी?”

आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या लाकडी चौकटीला, म्हणजे माटवीला, कवंडळाची रानफळं, सुपाऱ्या, नारळ बांधायचे ते घरच्या कर्त्याने, दोन्ही हात वर करून. स्टुलावर चढायला त्यांचे गुडघे तयार नव्हते. आणि ते काम दुसऱ्याच्या हाती गेलं असतं, तर आपलं संपलं असंच त्यांनी धरलं असतं.

सावंतवाडीच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी माझा तळवा बाबांच्या पाठीवर ठेवला आणि त्यांना हात उचलायला सांगितला. मी चकित झाले. उखळ गप्प होती. अख्खं पातंच वर सरकत होतं. हात उचलल्याचं नुसतं सोंग! बाईंनी स्वतः उचलून पाहिला, तरी तिथेच अडला.

“सांध्याभोवतीची पिशवी आखडलीय. हात वापरला नाही की असं होतं. घरी यांना सगळं हातात कोण देतं?”

“मी,” मी अभिमानाने म्हटलं.

“मग ते आजपासून बंद.”

परतीच्या एसटीत मला रडू आवरेना. बाबा म्हणाले, “रडतंस कित्याक? चतुर्थी अजून लांब आसा.”

त्यानंतर रोज सकाळी भिंतीवरून त्यांची बोटं मुंगीसारखी वर चढायची. जिथवर पोचली तिथे मी पेन्सिलीची रेघ मारायचे. आठवडाभर रेघ हलायची नाही, मग अचानक बोटभर वर जायची. दुखायचं ते त्यांच्या तोंडावर दिसायचं.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी ते माटवीखाली उभे राहिले. दोन्ही हात चौकटीला लागले, पण गाठ मारेपर्यंत उजवा थरथरू लागला आणि कवंडळ सुटून खाली गडगडलं. मी धावले.

“थंयच रव! हात लावू नको,” बाबा ओरडले.

दुसऱ्यांदाही पडलं. वाकून त्यांनीच उचललं. मी ओढणी मुठीत आवळून उभी. तिसऱ्यांदा गाठ बसली, वाकडीतिकडी. त्यांनी हात खाली घेऊन दम खाल्ला आणि पुढचं कवंडळ उचललं.

सगळी माटवी बांधून व्हायला दुपार झाली. तेवढा वेळ मी काहीही केलं नाही, आणि तेच मला फार जड गेलं.