खुर्चीवाला की जिन्यावाला

“आधी दारावर हात ठेव, मग तोंड उघड.”

कुणी गाण्यावर मत द्यायला लागलं की आमचा उस्ताद हे वाक्य म्हणायचा. म्हणायचा हळू आवाजात, वायर सोलता सोलता, मानही वर न करता. पण समोरचा माणूस निमूटपणे गाडीच्या दारावर तळवा टेकवायचा.

उस्तादाचं काम गाड्यांमध्ये स्पीकर बसवायचं. दाराच्या पत्र्यात गोल भोक पाडायचं, स्पीकर कसायचा, वायर आतून फिरवून पुढे आणायची. गाणं लागलं की पत्रा थरथरतो, आणि त्या थरथरीवरून उस्ताद गाण्याची लायकी ठरवायचा. कान माणसाला फसवतात, असं त्याचं म्हणणं. कानाला लोकांचं ऐकायची सवय असते. तळव्याला तसली सवय नसते.

हे तो कुठे शिकला, तर विहिरीवरच्या पंपाजवळ. त्याच्या लहानपणी गावात यंत्र म्हणून तेवढंच होतं. बांधावर पालथा पडून, जमिनीला तळवा लावून तो सांगायचा, पट्टा सैल झालाय. आणि पट्टा सैल झालेला असायचा. मीही तसल्याच मातीतून आलेला, म्हणून मला ते खोटं वाटलं नाही. जमीन बोलते. ऐकणाऱ्याला मात्र तिच्याजवळ वाकावं लागतं.

आमची शेड म्हणजे पत्र्याचं एक लांबलचक छप्पर. पुढे काचेचा काउंटर, तिथे उस्तादाची बायको बसायची. मग उस्तादाचं टेबल. मग माझं मशीन, मी सीटची कव्हरं शिवतो आणि सगळे मला मास्तर म्हणतात. मागच्या बाजूला बॅटरीवाला, पत्रे ठोकणारा डेंटिंगवाला आणि रंगकाम, कारण रंगाचा वास मागल्या दाराने निघून जातो. आणि या सगळ्यांच्या मधोमध, इंजिन काढून घेतलेली एक जुनी गाडी. ती कुठे जाणार नव्हती. स्पीकर आधी तिच्यात लावून बघायचे आणि मग गिऱ्हाइकाच्या गाडीत, अशी पद्धत.

या गाडीतच आमचा हिपहॉप वाढला. एका गिऱ्हाइकाच्या टेपमध्ये कॅसेट अडकली होती. उस्तादाने ती बारीक चिमट्याने सोडवली, वाजवून पाहिली, आणि गिऱ्हाईक म्हणाला, ठेवा तुम्हालाच. कव्हरवर एक रिकामी खुर्ची. गाणारा घोगरा, जसा कुणी खडीवरून पेटी ओढत नेतोय. भाषा आम्हाला अर्धीमुर्धी कळायची. नाव तर नीट वाचताही येईना. म्हणून रॅपरचं नाव पडलं घोगऱ्या आणि अल्बमचं खुर्चीवाला. पुढे उस्तादाने जुने अल्बम शोधून शोधून गोळा केले. एक रॅपर होती, तिला बाईसाहेब म्हणायचो, ती कुणालाच सोडायची नाही. एक जोडी होती, दोघं एकमेकांची वाक्यं अर्ध्यातून उचलायचे, त्यांना साडू म्हणायचो. पण सगळ्यांच्या डोक्यावर घोगऱ्या. त्याची बीट सुरू झाली की जुन्या गाडीची चारही दारं एकदम बोलायची.

शनिवारी डबे खाऊन झाले की बैठक भरायची. उस्ताद ड्रायव्हरच्या सीटवर, बाकीचे जागा मिळेल तिथे. दोन अल्बम समोरासमोर, दोन्हींमधलं एकेक गाणं. मग प्रत्येकाने आपलं हत्यार बॉनेटवर ठेवायचं, डावीकडे नाहीतर उजवीकडे. मी कात्री ठेवायचो, डेंटिंगवाला हातोडी, बॅटरीवाला पक्कड. उस्तादाची बायको काउंटरच्या चाव्या ठेवायची. ज्या बाजूला हत्यारं जास्त तो अल्बम मोठा, आणि बरोबरी झाली तर उस्ताद म्हणेल ते.

चाव्या कायम उस्तादाच्या बाजूला पडायच्या. त्यावर कुणी हसायचं नाही. कारण ते लग्नच तसं जमलेलं. ती बापाबरोबर गाडीला रेडिओ बसवायला आली होती. बाप म्हणाला, छान वाजतंय. ही म्हणाली, मागचं डावं दार खरखरतंय. उस्तादाने दार उघडून पाहिलं तर एक स्क्रू ढिला. पुढे तो मला सांगायचा, “मास्तर, त्या दिवशी मी स्क्रू नंतर आवळला, लग्न आधी ठरवलं.” तयार झालेल्या प्रत्येक गाडीत पहिल्यांदा ती बसायची, त्याच्या शेजारी. तिने मान हलवली की गाडी गिऱ्हाइकाची.

मग तिचा भाऊ आला.

बंदरावर जहाजं रंगवायचा, तिथलं काम सुटलं, म्हणून बहिणीने इथे रंगावर लावून दिलं. हात चांगला होता. जीभ त्याहून चांगली. बंदरावर देशोदेशीच्या खलाशांत राहून त्या गाण्यांची भाषा त्याला पाण्यासारखी यायची. तो उस्तादाला दाजी म्हणायचा, जसं म्हणायला हवं तसंच. पण दाजी, दाजी करत तो दिवसभर शेडभर फिरायचा, आणि पाण्यात रंग उतरावा तसा तो शब्द सगळ्यांच्या तोंडी उतरला. डेंटिंगवाला दाजी म्हणायला लागला. बॅटरीवाला दाजी म्हणायला लागला. एकदा गिऱ्हाईक विचारत आलं, “स्पीकरवाले दाजी कुठायत?”

उस्ताद हा शब्द त्याला हातामुळे मिळालेला, दाजी हा बायकोमुळे. त्या दिवशी त्याने वायर सोलताना तीनदा आतलं तांबं कापलं.

भाऊ काउंटरपाशी उभा राहून बहिणीला रॅपचे अर्थ सांगायचा. कोण कुणाला काय टोमणा मारतोय, कुठल्या ओळीत आईची आठवण आहे, कुठे नुसती फुशारकी. ती हसायची. कधी हसता हसता पदर तोंडाला लावायची. उस्ताद कुणाच्या तरी डॅशबोर्डखाली उताणा पडलेला असायचा. बाहेर दिसायचे फक्त पाय. हसू ऐकू आलं की ते पाय थांबायचे.

“काय चाललंय गं?”

“काही नाही. सांगते नंतर.”

नंतर ती सांगायची नाही. त्यात सांगण्यासारखं काही नसायचंच, पण हे त्याला कोण समजावणार? मत्सर वाळवीसारखा असतो. वरून चौकट जशीच्या तशी, आतून नुसता भुसा.

एका बैठकीत भावाने विषय काढला. “दाजी, खुर्चीवाला चांगलाच आहे. पण जिन्यावाल्यापुढे काही नाही.”

जिन्यावाला म्हणजे कव्हरवर अंधारा जिना असलेला अल्बम. त्याचा रॅपर कानात सांगितल्यासारखा बोलायचा, म्हणून कुजबुज्या.

“कुजबुज्या?” उस्ताद म्हणाला. “त्याचं दार तरी हलतं का? माशी बसली तर जास्त हलेल.”

“दार हलवायला दाजी, वारासुद्धा पुरतो. शब्द बघा ना.”

“शब्द बघायचे तर पेपर वाच.”

डेंटिंगवाला हसला. “मी तर दिवसभर दारंच हलवतो. मग मी घोगऱ्यापेक्षा मोठा झालो की.”

“तू मोठा नाहीस, तू मोठ्याने आहेस,” बॅटरीवाला म्हणाला.

“आणि बाईसाहेब?” उस्तादाची बायको म्हणाली. “तिचं नाव कुणीच घेत नाही.”

“ताई, तिचं नाव घ्यायला सगळे घाबरतात,” भाऊ म्हणाला, आणि ती पुन्हा हसली.

उस्तादाने प्लेअर बंद केला. “पुढच्या शनिवारी खुर्ची आणि जिना, समोरासमोर. एकदाच काय ते होऊन जाऊ दे. आणि ज्याचा अल्बम हरेल त्याने परत बैठकीत तोंड घालायचं नाही.”

“एवढं कशाला, दाजी? गाणी आहेत ती.”

“घाबरलास?”

“नाही, चालेल की,” भाऊ म्हणाला. त्याला ती गंमत वाटली.

आता उस्तादाने काय केलं ते सांगतो, कारण मी ते पाहिलं. शुक्रवारी तो जुन्या गाडीच्या ड्रायव्हर सीटखाली बराच वेळ पडून होता. मला म्हणाला, सीट हलतेय. सीट हलत नव्हती, तिची कव्हरं मीच शिवलेली. त्याने तिथे टाचेने दाबायचं एक बटण बसवलं होतं. बटण दाबलं की उजव्या बाजूच्या स्पीकरच्या दोन्ही वायरी उलट व्हायच्या. गाडीच्या एका बाजूच्या स्पीकरचा पडदा पुढे येतो तेव्हा दुसऱ्या बाजूचा मागे जातो, आणि दोघे मिळून जाड आवाज खाऊन टाकतात. ढोल असतो, पण ऐकू येत नाही. शिकाऊ फिटर ही चूक नेहमी करतो, आणि आतापर्यंत उस्ताद ती चूक पहिल्या ठोक्याला पकडायचा.

म्हणजे घोगऱ्याच्या वेळी सगळं सरळ, आणि कुजबुज्याच्या वेळी टाच खाली. दारं मुकी राहतील, हत्यारं खुर्चीकडे पडतील, आणि मेहुण्याचं तोंड बंद होईल. त्याच्या पाठीवर सीटखालची धूळ होती, तेवढी मी झटकली.

शनिवारी घोगऱ्या आधी वाजला. काय वाजला. बॉनेटवरच्या पाण्याच्या बाटलीत गोल लाटा उठल्या. डेंटिंगवाल्याने डोळे मिटले. उस्तादाचा चेहरा कित्येक दिवसांनी मोकळा झालेला दिसला.

मग जिना लागला. मी बघत होतो, उस्तादाची टाच खाली गेली.

आणि ढोल गेला. खरंच गेला. पण त्याच्याबरोबर गाडीतली सगळी धूळही बसल्यासारखी झाली, आणि राहिला नुसता माणूस. त्याचा आवाज स्पीकरमधून येतच नव्हता, तो चहूकडून येत होता, मानेमागून, खांद्याजवळून, कुणी जिन्यावर आपल्या वरच्या पायरीवर बसून बोलतोय तसा. भाऊ मागच्या सीटवरून एकेका ओळीनंतर हळूच अर्थ सांगत होता. जिन्यावर बसलेला मुलगा, आत आईबाप भांडतायत, आणि हा दार उघडायच्या आधी पायऱ्या मोजतोय. मला बीट-बिट काही कळलं नाही. माझ्या हातात कात्री होती आणि ती मी घट्ट धरली होती, हे मला गाणं संपल्यावर कळलं.

मग बॅटरीवाल्याने पक्कड जिन्याकडे ठेवली. डेंटिंगवाल्याने हातोडी खुर्चीकडे ठेवली, थोडा वेळ तिच्याकडे पाहिलं, आणि उचलून जिन्याकडे ठेवली. मी कात्री खुर्चीकडे ठेवली. ते मैत्रीखातर, गाण्याखातर नाही.

उस्तादाच्या बायकोने चाव्या उचलल्या. उस्ताद काचेतून तिच्या हाताकडे बघत होता. हात जिन्याकडे गेला. चाव्यांचा छोटासा आवाज झाला.

भाऊ गाडीतून उतरला. जिंकल्याचा तोरा त्याच्यात नव्हताच, तो वेगळ्याच आनंदात होता. “दाजी, हा अल्बम मी लाख वेळा ऐकलाय, पण असा कधीच नाही. तुम्ही काहीतरी सेटिंग केलंय. खरं सांगा.”

“म्हणून तर उस्ताद म्हणतात,” डेंटिंगवाला म्हणाला. “प्रतिस्पर्ध्यालासुद्धा चांगलं वाजवतो. याला म्हणतात दिलदार माणूस.”

“उस्ताद तो उस्तादच,” बॅटरीवाल्याने मान डोलावली.

इतके दिवस हरवलेला शब्द परत आला, तोही असा. उस्ताद सीटवरच बसून होता. त्याचे कान लाल झाले होते.

“सेटिंग नाही,” तो म्हणाला. “वायर उलटी केली होती. मुद्दाम. तुझं गाणं पडावं म्हणून.”

मग भाऊ मोठ्याने हसला. “बघा, दाजी कसे आहेत. चांगलं केलेलंसुद्धा कबूल करायचं नाही.” डेंटिंगवालाही हसला. हातोडी उचलून तो मागे गेला, बॅटरीवाला त्याच्या मागे, आणि भाऊ रंगाचा डबा ढवळायला निघून गेला. जाता जाता म्हणाला, गिऱ्हाइकांच्या गाड्यांतही असंच लावून द्या.

उस्तादाची बायको तशीच उभी होती.

“तुला कळलं होतं?” त्याने विचारलं.

“पहिल्या ओळीला. उलटी वायर कशी वाजते ते तुम्हीच शिकवलंत ना.”

“मग चाव्या तिकडे का? भाऊ म्हणून?”

“भाऊ म्हणून असत्या तर वायरीचं कळल्याचं मी लपवलं असतं.” ती चाव्या उचलायला वाकली. “इतकी वर्षं मी दारावर हात ठेवला, अहो. तुम्ही म्हणालात म्हणून. आज पहिल्यांदा ऐकलं.”

“मग इतकी वर्षं जे वाजलं ते काय होतं?”

“ते तुमचं होतं. मला आवडायचं, कारण तुम्हाला आवडायचं.”

हे ती प्रेमानेच म्हणाली, मी ऐकलंय. पण त्याला त्यातलं प्रेम ऐकू गेलं नसावं. तो गाडीतून उतरला. टेबलावरचा जेवणाचा डबा घेतला, मग परत ठेवला. एप्रन काढून खिळ्याला अडकवला आणि काउंटरच्या बाजूने बाहेर पडला.

“दाजी कुठे निघाले?” मागून भावाने विचारलं.

ती काउंटरच्या काचेपाशी गेली. रस्त्यावर ऊन होतं. शेजारच्या टायरवाल्याने हाक मारली, उस्तादाने हात वर केला पण थांबला नाही. वळणावरच्या भिंतीपाशी तो जरासा रेंगाळला, आणि मला वाटलं, फिरेल. तो फिरला नाही. ती काचेच्या आत उभी राहून बघत होती, भिंतीच्या पलीकडे काही दिसेनासं झाल्यावरही. मी मशीन थांबवलं होतं. तिच्या बोटात चाव्या होत्या आणि ती त्यांचा आवाज होऊ देत नव्हती.