मेस्त्रींचं बोट

"दिवा लावू काय?"

दुकानात कोणी आलं की मेस्त्री हातातलं काम न थांबवता पहिलं हे विचारायचे. नवं गिऱ्हाईक अंधारात डोळे बारीक करत "लावा, लावा" म्हणायचं. मेस्त्री सरळ बटणावर बोट ठेवायचे आणि उजेडात त्यांचे पांढुरके डोळे दिसले की गिऱ्हाइकाची बोबडी वळायची. इतका वेळ हा आंधळा माणूस अंधारात करवत चालवत होता! ती गंमत मेस्त्री मुद्दाम करायचे, असं माझं मत आहे. तुम्ही तिथे असतात तर तुम्हीही आधी दचकला असतात आणि मग हसला असतात.

रत्नागिरीत स्टँडमागच्या गल्लीत त्यांचं सुतारकामाचं दुकान, शेजारी माझं शिवणाचं. मध्ये फक्त एक फळ्यांची भिंत. "बाई, सुई बदला, टाका अडकतोय," असं ते पलीकडून ओरडायचे. मी चिडून सुई बघायची, तर ती खरंच बोथट झालेली असायची.

मुंबईत फर्निचरच्या कारखान्यात काम करता करताच त्यांची नजर गेली. "डोळे मुंबईत ठेवले, हात तेवढे परत आणले," असं सांगायचे. रडगाणं नाही, काही नाही. मापासाठी खाचा पाडलेली एक काठी होती. बाकी सगळा कारभार उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाचा. फळीवरून आधी ते बोट फिरायचं, मग रंधा.

"ह्याला विचारल्याबिगर रंधा पुढे जात नाय," म्हणायचे.

आमच्याकडे गणपतीच्या आधी घरोघरचे पाट मूर्तिकाराकडे पोचवायचे असतात. मूर्ती त्या पाटावरच घडते, त्यामुळे पाट डुगडुगता कामा नये. श्रावणात मेस्त्रींकडे फणसाच्या फळ्यांचा ढीग लागायचा. पार गणपतीपुळ्याकडून माणसं यायची. त्यांचा पाट जमिनीवर ठेवून एका कोपऱ्यावर दाबून बघा म्हणावं, हलला तर शपथ.

दुकानात एकच नियम होता. कोणी कशाला हात लावायचा नाही. पटाशी इथे, हातोडी तिथे, करवत खिळ्याला. मला हे माहीत होतं. गल्लीत इतर कोणाहीपेक्षा जास्त माहीत होतं, आणि म्हणूनच पुढचं लिहिताना अजून माझं डोकं बधिर होतं.

मागच्या श्रावणात मंडणगडला त्यांच्या मुलीकडे बारसं होतं. मेस्त्री दोन दिवस गेले. त्यांच्या दुकानाची एक किल्ली माझ्याकडे असायची. मी आत डोकावले तर घोटाभर भुसा, टेबलावर अवजारं पसरलेली. मला कोणाचा पसारा बघवत नाही, पाहुण्यांच्या घरीसुद्धा मी चादरींच्या घड्या घालते. म्हटलं, बिचारा एवढ्या घाईच्या दिवसांत कधी आवरणार? भुसा काढला, टेबल फिनाईलने पुसलं, सगळी अवजारं जागेवरून उचलली. हातोडी खिळ्याला टांगली. लाकूड तासायच्या धारदार पटाश्या एका डब्यात उभ्या केल्या आणि तो हातोडीच्या जागी ठेवला. पाती वर केली, कुठली कुठली आहे ते दिसावं म्हणून. दिसावं म्हणून! कोणाला?

ते संध्याकाळच्या गाडीने येणार होते, तेव्हा सांगू असं मी ठरवलं होतं. ते सकाळच्याच गाडीने आले. मी दोरे आणायला बाजारात गेले होते. परत आले तर त्यांच्या दारात माणसं जमलेली. आत मेस्त्री खाली बसलेले, हात पोटाशी धरलेला, आणि फणसाच्या पिवळ्या फळीवर रक्त. हातोडी घ्यायला त्यांनी हात टाकला होता, जिथे ती इतकी वर्षं असायची तिथे.

रिक्षात मी त्यांचा हात ब्लाउजच्या कापडात गुंडाळून धरला होता. शेवटी म्हटलं, "मेस्त्री, मी आवरलं होतं."

"वास आला फिनाईलचा," ते म्हणाले. मग म्हणाले, "तुमच्या मशीनला मी कधी हात लावला काय ओ?"

बोट राहिलं. पण आतली नस तुटली होती. शेंड्याला पुन्हा काही कळेल याची खात्री नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं.

टाके निघाल्यावर चार दिवसांनी त्यांनी भिंतीवर टकटक केलं. "बाई, जरा येता काय?" मी धावत गेले. एका घरचा पाट राहिला होता आणि मूर्तिकाराचा निरोप आला होता. मेस्त्री फळीवरून ते बोट पुढे-मागे फिरवत होते. मग डाव्या हाताने बघितलं, पण तो हात कधी शिकलेलाच नव्हता.

"हितं गाठ हाय काय? मला काय लागत नाय."

एवढ्या वर्षांत त्यांनी मला कधी काही बघायला सांगितलं नव्हतं. गाठ होती. चांगली रुपयाएवढी, काळी, अगदी त्यांच्या बोटाखाली. बोट तिच्यावर होतं आणि त्यांना कळत नव्हतं. हे त्यांना कसं सांगू? मी म्हटलं, "नाही मेस्त्री. साफ आहे."

त्यांचा चेहरा उजळला. खरंच उजळला. "मग बोट येतंय जाग्यावर," म्हणाले, आणि जोरात रंधा मारला. रंधा गाठीवर अडकून उडाला आणि फळीच्या मधोमध मोठा टवका निघाला.

त्यांनी अंगठ्याने तो खड्डा चाचपला, कडेपासून कडेपर्यंत.

"गाठ होती."

"हो."

"मग खोटा कशाला बोललात?"

मी खाली पडलेला टवका उचलला. त्यांनी रंधा बाजूला ठेवला. आठवड्याभरात ते मुलीकडे मंडणगडला गेले, ते गेलेच. दुकानात आता मोबाईलची कव्हरं विकतात. गल्लीत सगळे म्हणतात, वय झालं होतं मेस्त्रींचं, कधीतरी थांबायचेच. मी मान हलवते. बोटाची जाण गेली ती माझ्या हातून चुकून गेली, असं मी स्वतःला सांगू शकते. पण ती गाठ मला स्पष्ट दिसत होती.